आधी जुना सेल बाहेर काढा

या खेपेची पत्रं जवळजवळ सगळी एकाच जातीच्या घड्याळांबद्दल आहेत: सत्तर-ऐंशीच्या दशकांतली, काटे नसलेली, नुसते आकडे दाखवणारी क्वार्ट्झ घड्याळं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. चावीच्या घड्याळवाल्यांनी रागावू नये, त्यांची पत्रं जपून ठेवली आहेत.

प्रश्न: वडिलांचं १९७९ च्या सुमाराचं एलसीडी (द्रव स्फटिकांचा पडदा असलेलं) घड्याळ कपाटात सापडलं. मागचं झाकण उघडलं तर सेलभोवती पांढरट-हिरवी बुरशी. नवा सेल टाकून बघू का?

नका टाकू. ही बुरशी नव्हे, सेलमधून पाझरलेला क्षार आहे. बटणासारख्या या सेलमध्ये पोटॅशियम किंवा सोडियम हायड्रॉक्साइड असतं. सेल वर्षानुवर्षं आत पडून राहिला की ते कडेच्या सीलमधून बाहेर येतं आणि हवा लागून त्याची पांढरी पूड होते. हिरवा-निळा रंग तांब्याचा, म्हणजे आतल्या पट्ट्या खायला सुरुवात झालेली आहे. अशात नवा सेल घातलात तर ओलसर पुडीतून नको तिथे वीज वाहील आणि उरलेलं तांबंही जाईल.

सेल लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीने उचला. मग मॉड्यूल, म्हणजे आतला सगळा यंत्रभाग, केसमधून बाहेर काढा. घाई इथेच नडते. केसमध्ये ठेवूनच साफ करायला गेलं की द्रव कडेने खाली उतरून काचेच्या फटीत जातो. सुटी पूड कोरड्या मऊ ब्रशने झटका. दातकोरणीच्या टोकाला कापसाचे चार तंतू गुंडाळा, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून निथळवा आणि डागावर टेकवा. भिंगातून पाहिलंत तर बारीक बुडबुडे दिसतील: आम्ल आणि क्षार एकमेकांना मारत असतात. बुडबुडे थांबले की दुसरा बोळा. व्हिनेगर तिथे राहू द्यायचं नाही, तेही धातू खातं. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटरचा ओलसर बोळा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, आणि एक रात्र उघडं वाळत ठेवायचं. यातलं काहीही एलसीडीच्या काचेवर जाता कामा नये.

सेलला टेकणाऱ्या पट्ट्या काळ्या राहिल्या तर पेन्सिलच्या खोडरबराने हळू घासा. पॉलिश पेपर लावू नका, वरचा सोन्याचा पातळ मुलामा पहिल्याच फटक्यात जातो. बोर्डावरची एखादी रेघ तुटलेलीच असेल तर केसाएवढ्या तारेने जोडता येते, पण ते काम सोल्डरिंगचा हात बसलेल्या माणसाचं. काळ्या टोपणाखाली आयसी, म्हणजे घड्याळ चालवणारी चिप असते. पाझर टोपणाखाली शिरला असेल तर तो भाग उकरू नका, तिथे मिळवण्यासारखं काही नाही. एवढं सगळं झालं की मगच नवा सेल.

प्रश्न: मामांकडून लाल आकड्यांचं घड्याळ मिळालं. बटण दाबलं की आकडे उजळतात, लगेच मंदावतात आणि वेळ विस्कटते. दोनदा सेल बदलले. घड्याळच गेलं म्हणायचं का?

घड्याळ बहुधा ठीक आहे, सेल चुकीच्या जातीचे आहेत. लाल आकडे म्हणजे एलईडी, स्वतः उजळणारे बारीक दिवे. ही जात आधी आली: हॅमिल्टनचं पल्सर १९७२ मध्ये बाजारात आलं तेव्हा सोन्याच्या केसमधल्या त्या घड्याळाची किंमत २,१०० डॉलर होती. चारच वर्षांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने प्लॅस्टिकच्या केसमधलं एलईडी घड्याळ २० डॉलरच्या आत आणलं आणि मिरवायची वस्तू एका झटक्यात खेळणं झाली. एलसीडी स्वस्त आणि टिकाऊ झाल्यावर लाल आकडे मागे पडले.

मागे पडण्याचं कारण आणि तुमची अडचण एकच आहे. एलसीडी स्वतः प्रकाश देत नाही, म्हणून तिचं पोट काही मायक्रोअँपिअरमध्ये भरतं. एलईडी पेटवायला त्याच्या हजारो पट वीज लागते, म्हणून बटण दाबल्याशिवाय वेळ दिसत नाही. बटण दाबलं की सेलवर एकदम ताण येतो. सेल कमी ताणाचा असेल तर व्होल्टेज कोसळतं, आयसीला जगण्यापुरतीही वीज उरत नाही आणि वेळ विस्कटते.

पाकिटावर काय लिहिलंय ते बघा. एसआर४४ एसडब्ल्यू, म्हणजेच ३०३, हा कमी ताणाचा सेल. एसआर४४ डब्ल्यू, म्हणजेच ३५७, जास्त ताणाचा. आकार एकच, उंची एकच, बाहेरून फरक कळत नाही. फरक त्या एका 'एस'चा. लहान घड्याळांत हीच जोडी ३०१ आणि ३८६ ची: एलईडीला ३८६ घाला. दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात, तेव्हा दोन्ही एकदमच आणि एकाच पाकिटातले बदला. एक नवा, एक जुना ठेवलात तर जुना पाझरतो.

तरीही तेच झालं तर सेलच्या पट्ट्या मळक्या आहेत का, ते बघा. आणि एखाद्या आकड्याची एकच रेघ कायमची गेली असेल तर आतली केसाहून बारीक तार सुटलेली आहे, ती मी जोडायला घेत नाही.

याच पत्रात आणखी एक विचारलंय: 'वेळ लावायचं बटण सापडत नाही.' काही घड्याळांत ते कडेला खोलगट असतं, बारीक टोकाने दाबावं लागतं. सुरुवातीच्या पल्सरमध्ये मात्र तसलं बटणच नव्हतं. पट्ट्याच्या कडीत एक छोटा लोहचुंबक लपवलेला असे. तो मागच्या झाकणावरच्या दोन खाचांपैकी एकीत टेकवला की तास पुढे जात, दुसरीत टेकवला की मिनिटं. आत चुंबकाने जुळणारे स्विच होते. पट्टा बदललेल्या घड्याळांत हा चुंबक हमखास हरवलेला असतो. दुसरा कुठलाही लहानसा दांडीचुंबक चालतो, आकड्यांच्या क्वार्ट्झ घड्याळाला त्याने इजा होत नाही.

प्रश्न: एलआर४४ आणि एसआर४४ एकच ना? दुकानात दोन्ही दाखवतात.

आकार एकच, पोटातला माल वेगळा. एलआर म्हणजे अल्कलाइन, एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड. सिल्व्हरचं व्होल्टेज १.५५ वर जवळजवळ सपाट राहतं आणि शेवटी एकदम पडतं. अल्कलाइनचं पहिल्या दिवसापासून उतरत जातं, म्हणून आकडे फिके होतात आणि दिवा आधीच हार मानतो. शिवाय अल्कलाइन पाझरतो लवकर. खेळण्यातल्या टॉर्चला एलआर लावा, घड्याळाला एसआर. सीआर म्हणजे लिथियम, ३ व्होल्टचा. त्यातले आकडे मापाचे आहेत: २०१६ म्हणजे २० मिलिमीटर रुंद, १.६ जाड. 'जरा जाड आहे, पण बसतो' म्हणून २०२५ दाबून बसवू नका. पट्टी एकदा वाकली की मूळ सेलला टेकत नाही.

प्रश्न: नवा, योग्य सेल घातला. पडदा कोरा, किंवा अर्धवट चिन्हं गोठलेली. बटणं काही ऐकत नाहीत.

आयसी गोंधळलेला आहे, त्याला शून्यापासून सुरू करायचंय. कॅसिओच्या बहुतेक मॉड्यूलांवर सेलजवळ 'एसी' अशी दोन अक्षरं आणि एक छोटा ठिपका किंवा भोक दिसेल. धातूच्या चिमट्याचं एक टोक त्या ठिपक्यावर, दुसरं सेलच्या वरच्या, अधिक बाजूवर. दोन सेकंद धरा, सोडा. आकडे ताजे होऊन येतात. इतर कंपन्यांच्या मॉड्यूलांवर अशी खूण असेलच असं नाही. तिथे सेल काढून, बटणं दोन-चार वेळा दाबून, थोडा वेळ थांबून परत घाला.

गोठलेला पडदा तसाच दिवसेंदिवस ठेवू नका. एलसीडीला उलटसुलट वाहणारी वीज लागते. आयसी थांबला आणि सेल तसाच राहिला की एकाच दिशेची वीज तिच्यावर बसून राहते आणि ती खराब होते.

या धातूच्या चिमट्याने सेल मात्र उचलू नका. सेल उचलताना तो दोन्ही बाजूंना टेकला की सेल शॉर्ट होतो, नवा सेल पाकिटातून घड्याळात पोचेपर्यंत अर्धा मेलेला असतो.

प्रश्न: सेल बदलून आणल्यापासून गजर वाजत नाही. पडद्यावर घंटेची खूण येते, आवाज नाही.

स्प्रिंग हरवली आहे. मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पितळी रंगाची एक पातळ चकती चिकटवलेली असते, तोच तुमचा भोंगा. मॉड्यूलमधून त्या चकतीपर्यंत वीज नेते ती एक इवलीशी गोल स्प्रिंग, तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक. ती मॉड्यूलमधल्या एका भोकात नुसती उभी असते, कशाला जोडलेली नसते. झाकण उचललं, मॉड्यूल तिरपं झालं, की ती टेबलावरून जमिनीवर. उघडणाऱ्याला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही, कारण घड्याळ तर चालू असतं.

झाकण उघडून बघा. वर्तुळाकार रिकामं भोक दिसेल आणि झाकणावरच्या चकतीवर, त्या भोकाच्या बरोबर समोर, स्प्रिंगने घासलेला चमकदार ठिपका. ठिपका आहे आणि स्प्रिंग नाही, म्हणजे निदान झालं. बंद पडलेल्या कुठल्याही तशाच मॉड्यूलमधली स्प्रिंग चालते, उंची मात्र तेवढीच हवी: झाकण लावण्याआधी ती भोकातून किंचित वर डोकावली पाहिजे. स्प्रिंग जागेवर असूनही आवाज नसेल तर चकती मळलेली आहे किंवा डिंकापासून सुटली आहे. काही झाकणं दोन दिशांनी बसतात, ती उलट लागली तरी स्प्रिंग चकतीला चुकते.

इथून पुढे झाकण नेहमी घड्याळ पालथं आणि सपाट ठेवून उघडा, खाली पांढरं कापड. कापडावर पडलेली स्प्रिंग उसळत नाही.

प्रश्न: गजर मध्यरात्रीच वाजतो. दुपारचा लावलेला असतो.

गजर लावताना तास पुढे सरकवत राहा, 'पी' किंवा 'पीएम' ही बारीक खूण उमटेपर्यंत. चोवीस तासांची पद्धत लावलीत तर हा प्रश्नच राहत नाही.

प्रश्न: माझ्या घड्याळात सातचा एक दिसतो. वरची आडवी रेघ गेली आहे. कधी थंडीत सगळंच फिकं होतं.

थंडीचं सोडून द्या. द्रव स्फटिक गारठले की सुस्तावतात, उन्हात तापले की पडदा काळवंडतो, खोलीच्या तापमानाला दोन्ही आपोआप निवळतं.

रेघ जाण्याचं कारण बहुतेक वेळा झेब्रा. काच आणि बोर्ड यांच्यात तार नसते, सोल्डर नसतो. एक रबरी पट्टी असते, तिच्यात वीज वाहणारे काळे आणि न वाहणारे फिके थर आलटून पालटून असतात, म्हणून हे नाव. काचेच्या कडेवरचा प्रत्येक अदृश्य संपर्क त्या पट्टीतून बोर्डावरच्या सोनेरी बोटाला जोडला जातो, निव्वळ दाबाने. दाब कमी झाला किंवा मळ शिरला की रेघ जाते.

आधी पारख करा. मॉड्यूल चालू ठेवून काचेच्या वरच्या आणि खालच्या कडेवर लाकडी काडीने हलका दाब द्या. रेघ उमटून गेली तर दोष झेब्राचाच. आणखी एक खूण: साध्या जुन्या पडद्यात एक संपर्क म्हणजे एक रेघ, पण नंतरच्या पडद्यांत एकाच संपर्कावर दोन-तीन रेघा किंवा चिन्हं चालतात. तेव्हा सातची रेघ आणि तारखेचा एक तुकडा बरोबरच गेला असेल तर दोन बिघाड समजून घाबरू नका, सुटलेला संपर्क एकच आहे.

उघडताना आधी फोटो काढा. स्क्रू सोडवा, धातूची चौकट उचला, काच कडेने धरा. झेब्रा चिमट्याने अलगद उचला, ओढू नका, ताणली की थर विस्कटतात. बोटं लावू नका, बोटांचं तेलच पुरेसं आहे. बोर्डावरची सोनेरी बोटं अल्कोहोलच्या जेमतेम ओल्या बोळ्याने पुसा, झेब्रा धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडावर टेकवून घ्या. परत ठेवताना तिला उलटी, वरची कड खाली करून ठेवली तर ताजी कड काचेला लागते. स्क्रू थोडा थोडा, समोरासमोरचे. एकीकडून पूर्ण आवळलात तर दुसरीकडच्या रेघा जातील, आणि जास्त आवळलात तर काच जाईल.

काचेच्या कडेने काळा डाग पसरत असेल तर मात्र सील फुटलं आहे. त्याला इलाज नाही, दुसरी काच शोधायची.

प्रश्न: पडदा पिवळट झाला आहे, फोड आलेत, आणि घड्याळ उघडलं की चक्क व्हिनेगरचा वास येतो!

काच शाबूत आहे, तिच्यावरची पोलरायझरची, म्हणजे प्रकाश गाळणारी फिल्म कुजते आहे. ती सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या थरांत बांधलेली असते. ते दमट हवेत वर्षानुवर्षं सडलं की त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं, तोच वास. ते आम्ल शेजारच्या पट्ट्याही खातं, म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

वरची फिल्म बदलता येते. काच पूर्ण सुटी करून सपाट ठेवा, ब्लेड जवळजवळ आडवं धरून एका कोपऱ्यातून फिल्म सोलत न्या. डिंक उरला तर अल्कोहोलने, पण बोळा कडांना न लावता. आता नवी फिल्म कापण्याआधी तिचा तुकडा काचेवर धरा, सेल लावून घड्याळ चालू करा आणि तुकडा हळूहळू फिरवा. एका कोनात आकडे काळे आणि पार्श्वभूमी उजळ. पाव फेरी फिरवली की उलट, काळ्यावर उजळ आकडे. हव्या त्या कोनावर खूण करा, मग कापा. लोक हौसेने ती उलटी तऱ्हा करतात. मला ती जुन्या घड्याळावर आवडत नाही, आणि कमी उजेडात वाचताही येत नाही. खालची, चंदेरी पाठीची फिल्म चांगली असेल तर तिला हात लावू नका.

प्रश्न: महिन्याला अर्ध्या मिनिटाने मागे पडतं. क्वार्ट्झ अचूक म्हणतात ना?

कुठे ठेवता, यावर अवलंबून आहे. आतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या सतत पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, तो तुमचा सेकंद. हा स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वात वेगवान असतो. तापमान वर जावो की खाली, तो मागेच पडतो. १० अंशांचा फरक महिन्याला सुमारे ९ सेकंद खातो, २० अंशांचा चौपट, म्हणजे ३५ सेकंदांच्या आसपास. मनगटावर तापमान बऱ्यापैकी स्थिर राहतं, गार खोलीतल्या कपाटात नाही. तेव्हा आधी महिनाभर वापरून बघा.

तरीही मागे पडलं तर मॉड्यूलवर ट्रिमर शोधा: मध्ये खाच असलेला छोटा गोल स्क्रू. तो स्क्रू नव्हे, बदलता कपॅसिटर आहे. प्लॅस्टिकच्या टोकाने फिरवा, धातूचं टोक जवळ असतानाच वेग बदलतो. खाचेची मूळ जागा फोटोत टिपून ठेवा आणि केसाएवढंच हलवा, मग आठवडाभर थांबा. पाव फेरी म्हणजे अति. नंतरच्या बऱ्याच मॉड्यूलांत ट्रिमर नसतोच, तिथे सांगण्यासारखं काही नाही. महिन्याला १५-३० सेकंद ही त्या काळी कंपनीच्याच हमीतली चूक होती.

प्रश्न: झाकणावर 'वॉटर रेझिस्ट ५० मीटर' कोरलंय. पोहताना वापरू?

नाही. कोरलेलं तसंच आहे, आतली रबरी रिंग चाळीस वर्षांची झाली आहे. रिंग बदला, सिलिकॉन ग्रीस लावा, आणि तरीही कोरडंच ठेवा.

प्रश्न: ऐंशीच्या दशकातल्या घड्याळात वर्ष २०१९ च्या पुढे जात नाही. वार जुळत नाही. काही करता येईल?

तुमच्या घड्याळातलं कॅलेंडर तेवढ्याच वर्षांसाठी लिहिलेलं आहे, ते वाढवता येत नाही. पण त्याला फसवता येतं. वारांचं चक्र सातचं, लीप वर्षाचं चारचं, म्हणून दर २८ वर्षांनी तारखा आणि वार तंतोतंत जुळून येतात. २१०० साल ओलांडेपर्यंत हा नियम चुकत नाही. चालू वर्षातून २८ वजा करा आणि ते वर्ष लावा: २०२६ साठी १९९८. वर्ष पडद्यावर एरवी दिसतच नाही, फक्त वेळ लावताना दिसतं.

ज्या घड्याळांना वर्ष लावायची सोयच नाही, उदाहरणार्थ कॅसिओ एफ-९१ डब्ल्यू, त्यांचा फेब्रुवारी कायम २८ दिवसांचा असतो. लीप वर्षी त्यांची तारीख हाताने एक दिवस मागे घ्यावी लागते. तुमच्या घड्याळाला तो त्रास नाही: २०२८ मध्ये त्यात २०००च असेल, आणि २९ फेब्रुवारी ते स्वतःच दाखवील.